निकालावर हरकत आहे

दर चार वर्षांनी, ऑलिंपिक ऐन भरात असताना, महाराष्ट्रातल्या प्रत्येक कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "एकशे चाळीस कोटींचा देश, आणि पदकं बघा!" हे वाक्य बोलणारा माणूस सहसा बसलेला असतो. त्याच्या एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात क्रीमरोल असतो. शेजारचा म्हणतो, "आपल्याकडे क्रीडासंस्कृतीच नाही." तोही बसलेलाच असतो. मग तिसरा सुस्कारा सोडून म्हणतो, "शाळेत असताना मी..." आणि इथून प्रकरण हाताबाहेर जायला लागतं.

कारण शाळेत असताना सगळेच काही ना काही होते. एकजण लांब उडीत जिल्ह्यापर्यंत गेला होता. दुसऱ्याचं नाव कबड्डीच्या संघात येणारच होतं, पण त्याआधी क्रीडाशिक्षकांच्या भाच्याचं आलं. तिसऱ्याला नेमका निवड चाचणीच्या दिवशी ताप भरला. त्या काळात महाराष्ट्रातल्या मुलांना निवड चाचणीच्याच दिवशी एवढा ताप का येत असे, याचा आरोग्य खात्याने वेळीच छडा लावला असता, तर आज पदकतालिका वेगळी दिसली असती.

आमच्या शाळासोबत्यांच्या कंपूत हेच झालं. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. तो मध्य रेल्वेत नोकरी करतो हे कळल्यावर आमच्यातला सरकारी नोकरीतला मित्र ताडकन उभा राहिला. म्हणाला, "नोकरी सांभाळून माणूस ऑलिंपिक गाठू शकतो, तर आपण नोकरी सांभाळून एखादं ऑलिंपिक भरवू शकत नाही?" या युक्तिवादात कुठेतरी मोठं भगदाड होतं. ते सापडेपर्यंत व्हॉट्सअॅप ग्रुप तयार झाला होता.

पहिल्या बैठकीत स्पर्धेची तारीख, जागा आणि खेळ यांतलं काहीही ठरलं नाही. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार, सहखजिनदार आणि दोन निमंत्रक मात्र बिनविरोध ठरले. उरलेल्यांचं सल्लागार मंडळ झालं. त्यामुळे खेळाडू म्हणून कोणीच शिल्लक राहिलं नाही आणि पदाधिकाऱ्यांनाही खेळायची मुभा देणारा वेगळा ठराव करावा लागला. अक्षर बरं म्हणून मला चिटणीस केलं. चिटणिसाने इतिवृत्त लिहायचं, पावत्या फाडायच्या आणि हरकतीचे अर्ज स्वीकारायचे. या शेवटच्या कामाचा आवाका तेव्हा कोणाच्याच लक्षात आला नाही.

आमच्यात एक वकील आहे. तो दिवाणी दावे चालवतो, त्यामुळे घाई हा प्रकार त्याला माहीत नाही. त्याने त्याच बैठकीत एक कलम घालून घेतलं : कोणतीही हरकत मान्य करायची किंवा फेटाळायची, तर खऱ्या ऑलिंपिकमधला पूर्वदाखला दाखवला पाहिजे. सगळ्यांनी हात वर केले, कारण तोवर साबुदाणे वडे आले होते. या कलमामुळे मला ऑलिंपिकचा इतिहास उपसावा लागला. त्यातून एवढं निश्चित कळलं, की पन्नाशीच्या मित्रांनी मैदानावर करावा असा एकही वात्रटपणा उरलेला नाही. सगळे ऑलिंपिकमध्ये आधीच होऊन गेलेले आहेत, आणि त्यांची रीतसर नोंद आहे.

पहिली हरकत नावावरच आली. जाहिरात कंपनीतल्या मित्राने एकमेकींत अडकलेल्या पाच चकल्यांचं बोधचिन्ह काढून आणलं होतं आणि खाली ठळक अक्षरांत 'ऑलिंपिक' लिहिलं होतं. वकील म्हणाला, "हे नाव वापरलंत तर नोटीस येईल." आम्ही हसलो. मग दाखला सापडला. २०१२ साली, लंडन ऑलिंपिकच्या तोंडावर, रॅव्हेलरी या विणकामप्रेमींच्या जमातीने 'रॅव्हेलिंपिक्स' जाहीर केलं होतं. टीव्हीवर ऑलिंपिक बघता बघता विणायला घ्यायचं आणि खेळ संपायच्या आत पुरं करायचं, अशी ती स्पर्धा. त्यात लोकरी पांघरुणांची मॅरेथॉन होती, मफलरांची हॉकी होती. अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने त्यांना खरोखर नोटीस पाठवली आणि यामुळे खऱ्या खेळाडूंचा अवमान होतो असं सुनावलं. त्यावर देशभरातल्या विणणाऱ्या बायका अशा काही खवळल्या, की समितीलाच माफी मागावी लागली. हा दाखला वाचून झाल्यावर सभेचं मत स्पष्ट होतं : असली नोटीस अंगावर घ्यायची तर हातात सुया पाहिजेत. आमच्याकडे त्या नव्हत्या. फलकावर 'क्रीडा महोत्सव' आलं. तोंडी मात्र ऑलिंपिकच राहिलं.

वर्गणीसाठी दाखला शोधायला लांब जावं लागलं नाही. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले ते कराडजवळच्या गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी जमवलेल्या पैशांच्या आधारावर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी स्वतःचं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं. खाशाबांनी कुस्तीत कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक, आणि कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हे वाचून दाखवल्यावर बैठक गंभीर झाली. दोनेक मिनिटांनी खजिनदार म्हणाला, "मग घर कोण गहाण टाकतंय?" सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यांचीच घरं आधीपासून बँकेकडे होती.

जी वर्गणी जमली तिचा मोठा वाटा टी-शर्टांनी खाल्ला. पन्नाशीच्या माणसाला शर्टाचं माप विचारलं की तो पंचविशीतलं सांगतो, आणि सांगताना पोट आत घेतो. यादीत सगळे 'मीडियम' आणि 'लार्ज' भरले गेले. त्यानंतर चिटणिसाला म्हणजे मला वहिनींचे खासगी फोन सुरू झाले. "भावजी, यांनी लार्ज सांगितलं असेल ना? डबल एक्सएल करा. आणि माझं नाव नका सांगू." एकूण एक माप असं परस्पर दुरुस्त झालं. टी-शर्ट आल्यावर प्रत्येकाने तो अंगात घालून आरशात पाहिलं आणि सरावाचा चांगलाच परिणाम दिसतोय, असं ग्रुपवर लिहिलं. सराव अजून सुरू व्हायचा होता.

खेळांची यादी करताना माणसाचा खरा स्वभाव बाहेर येतो. ज्याचा गुडघा दुखतो त्याने कॅरम सुचवला. ज्याची कंबर दुखते त्याने बुद्धिबळ सुचवलं. शाळेत मल्लखांब केलेल्या एकाने मल्लखांब लावून धरला. "वर कोण चढणार?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर होतं, पण "मग खाली कोण उतरवणार?" याला कोणाकडेच नव्हतं. मग घरच्यांनाही भाग घेता यावा म्हणून लिंबू-चमचा घ्या, असं एकाने म्हणताच वकिलाने हरकत घेतली : हा ऑलिंपिकच्या दर्जाचा खेळ नाही.

इथे मला मच वेनलॉक भेटलं. इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातलं हे एवढंसं गाव. तिथल्या विल्यम पेनी ब्रुक्स नावाच्या डॉक्टरने १८५० साली गावापुरत्या ऑलिंपियन स्पर्धा सुरू केल्या. धावणं, उडी, क्रिकेट हे खेळ होतेच, शिवाय डोळे बांधून हातगाडी ढकलायची शर्यत होती, आणि गावातल्या म्हाताऱ्यांची धावण्याची शर्यत होती. तिचं बक्षीस एक पौंड चहा. १८९० साली पिअर द कुबर्तँ हा फ्रेंच सरदारपुत्र तिथे येऊन हे सगळं पाहून गेला, आणि सहा वर्षांत अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक उभं राहिलं. अजून मागे गेलं तर त्याच इंग्लंडात, कॉट्सवोल्डच्या टेकड्यांवर, रॉबर्ट डोव्हर नावाच्या एका वकिलाने १६१२च्या सुमारास स्वतःचं 'ऑलिंपिक' भरवलं होतं. त्यात समोरासमोर उभं राहून एकमेकांच्या नडग्यांवर लाथा घालायच्या हा एक खेळ होता. तो आजही होतो. आता पायांना इजा होऊ नये म्हणून विजारीत पेंढा कोंबतात, एवढीच सुधारणा.

चहासाठी धावणाऱ्या म्हाताऱ्या ज्या झाडाच्या मुळाशी आहेत, त्याच्या फांदीवर लिंबू-चमचा बसायला काय हरकत? अर्ज मंजूर झाला. वकील मात्र नडगीच्या खेळाची चौकशी करत राहिला. डोव्हर हाही वकील होता, हे त्याला फार आवडलं.

शेवटी यादी ठरली : शंभर मीटर, रस्सीखेच, लगोरी, लिंबू-चमचा, स्लो सायकलिंग आणि मॅरेथॉन. सरावाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पहाटे टेकडीवर जायचं ठरलं होतं. काहीजण टेकडीपर्यंत पोचले. टेकडीच्या पायथ्याशी मिसळ मिळते, ही पुण्याच्या भूगोलातली मूलभूत चूक आहे.

उद्घाटनाचा पेच मात्र अनपेक्षित होता. मशाल हवी असं ठरलं. १९३६च्या बर्लिनपासून ज्योत धावत आणायची रीत आहे, आमच्याकडे ती गॅसच्या लायटरने पेटवून मैदानाच्या फाटकापासून आत आणायची होती. तर एकजण म्हणाला, "मशाल चालणार नाही. ते निवडणूक चिन्ह आहे." बरं, मग तुतारी वाजवून उद्घाटन करू. तीही पक्षाची झाली. वेळ मोजणारा घड्याळ घेऊन उभा राहणार, त्यावर तिसऱ्याने भुवया उंचावल्या. मुलांसाठी धनुष्यबाणाचा एक खेळ ठेवला होता, तो आपोआप बाद झाला. पाहुण्यांच्या हारात कमळ नको. शपथेला हात वर करायचा तर पंजा दिसतो. महाराष्ट्राच्या राजकारण्यांनी एकेक करून अख्खं क्रीडांगण उचलून नेलंय, हे त्या दिवशी कळलं. अखेर नारळ फोडला. शपथ सगळ्यांनी हात खिशात घालून घेतली. १९२० साली अँटवर्पला ऑलिंपिकची पहिली शपथ घेतली गेली, तेव्हा बेल्जियमच्या खेळाडूला असल्या अडचणी आल्या नसाव्यात.

रविवारी सकाळी पुण्यातलं मैदान मोकळं मिळणं हे पदक मिळण्यापेक्षा अवघड. एका मैदानावर आठ-दहा क्रिकेटचे सामने एकात एक गुंतून चाललेले असतात. एकाचा गली हा दुसऱ्याचा लाँगऑन असतो आणि तिसऱ्याचा पंच. कोणाचा चेंडू कोणाच्या सामन्यातला, हे फक्त त्या मुलांना कळतं. त्यांच्याशी वाटाघाटी करून आम्ही एक पट्टा मिळवला. तो सत्तर मीटरच भरला. पुढे एक सामना शेवटच्या षटकात होता. शंभर मीटरची शर्यत म्हणून सत्तर मीटरवर झाली, आणि तिथवर पोचलेल्या प्रत्येकाने संयोजकांचे मनापासून आभार मानले.

फक्त शेवटच्या टप्प्यात एकाने दुसऱ्याला कोपराने बाजूला सारलं, असा आरोप झाला. अर्ज आला. दाखला १९०८च्या लंडनचा. चारशे मीटरच्या अंतिम शर्यतीत ब्रिटनच्या विंडहॅम हॅल्स्वेलला अमेरिकेच्या कार्पेंटरने वाट अडवली म्हणून पंचांनी शर्यत रद्द केली, कार्पेंटरला बाद केलं, आणि शर्यत पुन्हा घ्यायचं ठरवलं. उरलेल्या दोघा अमेरिकनांनी धावायला नकार दिला. मग हॅल्स्वेल एकटाच धावला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. आम्हीही शर्यत पुन्हा जाहीर केली. पुन्हा धावायचं म्हटल्यावर आरोपी, साक्षीदार आणि प्रेक्षक सगळेच गळाले. फिर्यादी एकटा उभा राहिला. त्याला पूर्वदाखल्यानुसार एकट्याने धावायला सांगितलं. चाळीसेक मीटरवर त्याने तक्रार मागे घेतली.

रस्सीखेच १९०० ते १९२० ऑलिंपिकमध्ये होती, हे ऐकून आमची छाती फुगली. भारताने हा खेळ जपला असता, तर प्रत्येक गणेश मंडळातून एक संघ निघाला असता. आमच्या दोन संघांत सामना सुरू होऊन जेमतेम घाम आला, तेवढ्यात हरलेल्यांनी हरकत घेतली : समोरच्या तिघांच्या पायांत ट्रेकिंगचे बूट आहेत. राजगड-तोरण्याच्या वाटेसाठी घेतलेले, तळाला दातेरी. दाखला पुन्हा १९०८चाच. लिव्हरपूलच्या पोलिसांनी अमेरिकन संघाला एका झटक्यात ओढून नेलं. अमेरिकनांनी त्यांच्या अवजड बुटांवर आक्षेप घेतला. पोलिसांनी, हे आमचे रोजचे कामाचे बूट, असं सांगितलं. आक्षेप फेटाळला गेला आणि अमेरिकन संघाने स्पर्धेतून अंग काढून घेतलं. म्हणजे बूट वैध ठरले, आणि त्याच दाखल्याने मैदान सोडून जाणंही वैध ठरलं. हरलेला संघ ताबडतोब मैदान सोडून गेला. उपमा आल्याचं कळल्यावर परत आला. त्याला दाखला सापडला नाही, पण हरकत कोणी घेतली नाही.

मॅरेथॉनच्या अंतराबद्दल वाद होईल असं वाटलं होतं. तो झाला नाही, कारण बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर हे पवित्र अंतर मुळात सोयीनेच ठरलेलं आहे. १९०८ साली शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपवायची होती. जे अंतर भरलं ते पुढे जगाने स्वीकारलं. आमच्याकडे राजवाडा नव्हता, मिसळवाला होता. मैदानापासून त्याच्या दारापर्यंत जे अंतर भरलं, ती आमची मॅरेथॉन.

या शर्यतीत काय काय घडलं ते सगळं १९०४ साली सेंट लुईसला आधीच घडून गेलं होतं. तिथे फ्रेड लॉर्झ हा धावपटू दमला आणि मोटारीत बसला. मोटारीने अकरा मैल नेलं, मग ती बंद पडली, मग तो उतरून ताजातवाना धावत पहिला आला. पकडला गेल्यावर म्हणाला, गंमत केली. ज्याला नंतर सुवर्णपदक मिळालं त्या थॉमस हिक्सला त्याच्या मदतनिसांनी वाटेत स्ट्रिक्निन हे विष आणि ब्रँडी पाजत पाजत आणलं होतं. क्यूबाचा कारव्हाहाल हा पोस्टमन लांब विजार गुडघ्याशी कापून धावला. भूक लागली म्हणून वाटेतल्या बागेतली सफरचंदं खाल्ली, पोट बिघडलं, थोडा वेळ पडून राहिला आणि तरी चौथा आला. दक्षिण आफ्रिकेच्या लेन ताऊच्या मागे कुत्रं लागलं. तो भलतीकडे पळाला, आणि तोही नववा आला.

आमच्यात कुत्रं सगळ्यांच्याच मागे लागलं, त्यामुळे तो मुद्दा निकाली निघाला. किंबहुना स्पर्धेतल्या सर्वोत्तम वेळा त्याच टापूत नोंदल्या गेल्या. एकाने केळीवाल्यापाशी थांबून डझनाचा भाव केला, घासाघीस केली, आणि न घेता पुढे निघाला. लॉर्झचा मार्ग पुण्यात कोणाला घेताच आला नाही. दोघांनी रिक्षाला हात केला होता, असं मागाहून उघड झालं. पण रिक्षावाल्याने "एवढ्या जवळ नाही येणार" म्हणून सांगितलं. पुण्यातल्या रिक्षावाल्यांनी क्रीडाक्षेत्राची शुचिता अशी अनेक वर्षं राखलेली आहे.

हसता हसता एक गोष्ट मध्येच रोखते. १९२० साली अँटवर्पला भारताचा जो संघ गेला, त्याची सुरुवात आमच्या मैदानापासून फार लांब नसलेल्या डेक्कन जिमखान्यावर झाली होती. जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांनी तिथल्या शर्यतींत खेड्यांतली पोरं अनवाणी धावताना पाहिली आणि त्यांना ऑलिंपिकला पाठवायचं मनावर घेतलं, पदरचे पैसेही घातले. बेळगावकडचा फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला. त्याच संघातला कोल्हापूरचा रणधीर शिंदे कुस्तीत चौथा आला. त्यांच्यापाशी कसले बूट आणि कसला आहारतज्ज्ञ! आमच्यातल्या एकाच्या बुटांना एअर कुशन आहे, मनगटी घड्याळ त्याचे ठोके मोजतं, आणि मिसळवाल्याच्या पायरीवर बसून तो म्हणत होता की आपल्याकडे सुविधा नाहीत हो.

प्रेक्षकांची संख्या हा नाजूक विषय आहे. आमच्या खेळांना दोन प्रेक्षक होते. एक मैदानाचे राखणदार काका, ज्यांना आम्ही कधी जातो ते पाहायचं होतं. दुसरा एक क्रिकेटवाला मुलगा, ज्याला आमचा पट्टा हवा होता. अध्यक्ष खट्टू झाले. मी त्यांना १९०० सालच्या पॅरिसचा दाखला दिला : तिथे क्रोकेच्या स्पर्धेला तिकीट काढून आलेला एकच प्रेक्षक होता, एक इंग्रज गृहस्थ. "म्हणजे आपण दुप्पट!" अध्यक्ष म्हणाले, आणि समारोपाच्या भाषणात त्यांनी प्रेक्षकसंख्येत शंभर टक्के वाढ जाहीर केली.

लगोरीत मात्र बरोबरी झाली. लगोरी रचून पूर्ण झाली आणि चेंडू पाठीत बसला, हे दोन्ही एकाच क्षणी. तीन मोबाइलवर तीन चित्रफिती निघाल्या आणि तिन्हींत तीन निकाल दिसले. विभागून द्या, असं मी सुचवलं. २०२१ साली तोक्योला उंच उडीत कतारचा बार्शिम आणि इटलीचा तांबेरी बरोबरीत आले. उडी चालू ठेवण्याऐवजी बार्शिमने पंचांना, दोन सुवर्ण देता येतील का, असं विचारलं, आणि दोघे मित्र गळ्यात पडून रडले. त्याहून जुनी गोष्ट बर्लिनची. १९३६ साली बांबू उडीत जपानच्या निशिदाला रौप्य आणि ओएला कांस्य मिळालं. दोघे बरोबरीत होते, मित्र होते. मायदेशी जाऊन त्यांनी दोन्ही पदकं सोनाराकडून मधोमध कापून घेतली आणि अर्धी चांदी अर्धं कांस्य अशी जोडून घेतली.

हे ऐकून सगळ्यांना गहिवरून आलं. आमच्यातल्या इंजिनिअरने गाडीतून लोखंड कापायची करवत काढली. पदक कापलं. एका तुकड्यावर 'क्रीडा महो' आलं आणि दुसऱ्यावर 'त्सव'. 'त्सव' घ्यायला कोणीच तयार होईना. चाळीस वर्षांची मैत्री त्या तुकड्यावर अडली. "महो मला दे, मी तुझ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठा आहे," इथपासून सुरू झालेला वाद "दहावीला तू माझी वही परत केली नव्हतीस" इथपर्यंत गेला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की निशिदा आणि ओए यांना मैत्री टिकवता आली याचं कारण ते एका वर्गात नव्हते. ऑलिंपिकमध्ये हरवणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच्या देशाच्या विमानात बसतो. आपल्याला हरवणारा दर रविवारी समोर बसून क्रीमरोल खातो, आणि तो खाताना हसतोय असं उगाचच वाटत राहतं. हौशी खेळाडूला पैसा मिळत नाही, प्रसिद्धी मिळत नाही, पण हरण्याचा पूर्ण दर मात्र त्याच्याकडून वसूल होतो.

सगळ्यात मोठी हरकत शेवटी आली, आणि ती स्लो सायकलिंगवर. हा खेळ पन्नाशीला फार मानवतो. सगळ्यात शेवटी पोचणारा जिंकतो. आमच्यातला जो जिंकला तो सायकलवर जवळजवळ झोपला होता. निकाल जाहीर झाला, टाळ्या झाल्या, आणि वकील उठला. म्हणाला, हा हौशी नाही. हा सुटीत सोसायटीतल्या मुलांना सायकल शिकवतो आणि त्यांच्या आईबापांकडून पैसे घेतो. व्यावसायिक सायकलपटू आहे.

मी मनातल्या मनात हसलो आणि दाखला काढला. तो जिम थॉर्पचा निघाला. १९१२ साली स्टॉकहोमला त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णं जिंकली. पुढच्याच वर्षी उघड झालं, की ऑलिंपिकच्या आधी कधीतरी तो किरकोळ मोबदला घेऊन बेसबॉल खेळला होता. पदकं काढून घेतली, नाव खोडलं. १९५३ साली तो वारला. १९८३ साली त्याच्या मुलांना पदकांच्या प्रतिकृती दिल्या, पण विजेता म्हणून त्याचं नाव दुसऱ्यांच्या जोडीने राहिलं. एकटा थॉर्प विजेता, असं ऑलिंपिक समितीने जाहीर केलं ते २०२२ साली. निकालानंतर एकशे दहा वर्षांनी.

मला वाटलं, हे ऐकून वकील वरमेल. त्याचे डोळे चकाकले. "म्हणजे अपिलाला मुदतच नाही," तो म्हणाला. दिवाणी वकिलाला आयुष्यात यापेक्षा आनंदाची बातमी मिळू शकत नाही. पाठोपाठ सगळ्यांना ते उमगलं. 'त्सव'वाल्याने अर्ज दिला, ट्रेकिंगच्या बुटांचं प्रकरण नव्याने उघडलं, एकाने तर शाळेतल्या त्या निवड चाचणीच्या तापाचा फेरविचार मागितला. आमच्या ऑलिंपिकची पदकतालिका त्यामुळे अजून अंतिम झालेली नाही. सगळे अर्ज माझ्याकडे आहेत आणि चिटणिसाचा कारभार मला आजन्म करावा लागेल अशी चिन्हं आहेत.

पण याचा एक परिणाम झाला, जो क्रीडा खात्याच्या कुठल्याच योजनेने झाला नव्हता. अपील एकशे दहा वर्षं चालू शकतं, आणि विरुद्ध पक्ष आधी खपला तर निकाल आपल्या बाजूने लागतो, हे गणित एकेकाच्या डोक्यात उतरलं. आता सगळे पहाटे टेकडी चढतात, पायथ्याशी न थांबता. साखर सोडली आहे. क्रीमरोल बंद आहे. वर पोचल्यावर एकमेकांकडे रोखून बघतात आणि विचारतात, "काय रे, दम लागला का?" लागला असं उत्तर आलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटतं ते मी कुठल्याही सुवर्णपदक विजेत्याच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.